बाटलीतला ऊस आणि इंजिनिअरचं काम



मागच्या ऊस विकास मेळाव्यात मोहाडीकडच्या एका सभासदांनी एक प्रश्न विचारला आणि अख्खा मंडप हसला. ते म्हणाले, "पोराले चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलं जी. आता तो म्हणते का टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये नोकरीले जातो. बाटल्या धुवाले इंजिनिअर कायले लागते?" त्या गर्दीत उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तथापि प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या बेण्याचा दर्जा आणि आपल्या उसाचा पैसा या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेच्या दारातून जातात. त्या दाराच्या आत कोण काय करतो, हे सभासदाला माहीत असलं पाहिजे. म्हणून या अंकाचा अभ्यासवर्ग त्याच प्रश्नावर घेत आहोत.

प्रथम बेण्याची गोष्ट. आपला जिल्हा मूळचा धानाचा. मामा तलावांच्या पाण्यावर बांध्या भरायच्या, रोवणी करायची, हे आपल्या हाडात भिनलेलं. साकोलीचं कृषी संशोधन केंद्रही धानासाठीच नावाजलेलं. ऊस आपल्याकडे नंतर आला आणि त्याचं बेणंही पुष्कळदा बाहेरून, नाहीतर शेजाऱ्याच्या वावरातून आलं. धानाचं बी वेगळं पिकतं, पाखडून निवडता येतं. ऊस आपण कांडी लावून वाढवतो, म्हणजे आईच्या अंगाचाच तुकडा लावतो. आईला जो रोग तोच लेकराला. गवताळ वाढ, काणी, मोझॅक हे रोग असे टिपरीबरोबर वावरात शिरतात आणि वर्षावर्षाने वाढत जातात. मग आपण म्हणतो, "वाण थकला." बऱ्याच वेळा वाण थकलेला नसतो, बेणं रोगट झालेलं असतं.

यावर जुना उपाय म्हणजे उष्णजल प्रक्रिया. टिपऱ्या ५० अंश सेंटिग्रेड पाण्यात २ तास बुडवून ठेवायच्या. ऐकायला सोपं आहे. पण पाणी दोन अंशांनी थंड राहिलं तर रोग जिवंत राहतो, आणि तीन-चार अंशांनी तापलं तर डोळा शिजतो. आमच्या शेतकी खात्याने एका वर्षी हे स्वतः अनुभवलं आहे. टाकीच्या वरच्या थरातल्या थर्मामीटरने ५० दाखवलं, खाली पाणी थंड होतं, कारण पाणी फिरवणारा पंप बंद पडलेला कुणी पाहिलाच नाही. त्या बेण्यात गवताळ वाढ निघाली आणि सभासदांची बोलणी आम्ही खाल्ली, ती वाजवीच होती. आता सांगा, यात रोगशास्त्र किती होतं? रोग कोणता, त्याला किती उष्णता लागते, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच शोधून ठेवलेलं होतं. चुकलं ते पाणी सगळीकडे सारखं तापवण्याचं काम. ते काम इंजिनिअरचं.

आता बाटलीकडे वळू. उसाच्या शेंड्यात, अगदी आतल्या पोंग्यात, वाढीचा एक बारीक बिंदू असतो. त्याचं माप अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. झाड रोगट असलं तरी विषाणू बहुधा या टोकापर्यंत पोचलेला नसतो. तो बिंदू सूक्ष्मदर्शकाखाली कापून बाटलीतल्या अन्नावर ठेवला, तर त्यातून निरोगी रोप मिळू शकतं. ही काही परदेशातून ऐकलेली कहाणी नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. व्ही. जगन्नाथन आणि डॉ. ए. एफ. मस्करेन्हास यांच्या गटाने शेंड्याच्या या बिंदूपासून मोझॅकमुक्त ऊस तयार केल्याचं १९७५ साली प्रसिद्ध केलं, आणि १९८३ मध्ये याच रीतीने उसाची झपाट्याने वाढ कशी करावी हेही मांडलं. त्याच १९७५ साली ऊस उत्पादकांच्या पुढाकाराने डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९८९ पासून तिला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात. पुण्याजवळ मांजरीला ती आहे आणि तिच्या ऊतिसंवर्धन विभागातून रोपं बाहेर पडतात. आपल्यापैकी जे तिथे सहलीला गेले त्यांनी काचेमागच्या बाटल्यांच्या रांगा पाहिल्या असतील.

बाटलीतल्या अन्नात काय असतं? १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं क्षारांचं मिश्रण. तेच थोड्याफार फरकाने आजही चालतं. त्यात फुटवे आणणारी आणि मुळं आणणारी संप्रेरकं वेगवेगळ्या टप्प्यांवर घालतात. घट्टपणासाठी अगर. आणि लिटरला ३० ग्रॅम साखर. होय, साखरच. बाटलीतल्या रोपाला अजून स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही, म्हणून उसाच्या लेकराला उसाचीच साखर खाऊ घालावी लागते!

पण साखर जिथे, तिथे मुंगी. आणि मुंगी नाही आली तरी बुरशी येतेच. हवेतला एक बीजाणू बाटलीत पडला की आठवड्यात सगळी बाटली पांढरी, काळी नाहीतर हिरवी होते. म्हणून अन्न ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं शिजवतात. कापाकापी करणाऱ्या ताईंच्या तोंडासमोरून गाळलेल्या हवेचा संथ पडदा सतत वाहत असतो. त्या गाळणीने ०.३ मायक्रॉनचे १०० पैकी ९९.९७ कण अडवायला हवेत. वाढीच्या खोलीत रात्रंदिवस २५ अंशांच्या आसपास तापमान, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. भंडाऱ्याला मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा बाहेर २० अंश जास्त असताना आत हे तापमान टिकवायचं आहे, आणि वीज गेली तरी टिकवायचं आहे.

इथे जरा हिशोब करू. तीन आठवड्यांनी एका कोंबाचे तीन होतात असं धरलं, तर सहा फेऱ्यांत, म्हणजे साधारण चार महिन्यांत, एका कोंबाचे ७२९ होतात. वावरात एक एकर बेण्यातून पुढच्या वर्षी आठ-दहा एकर लागण होते, त्या मानाने ही झेप फार मोठी. पण दर फेरीला १०० पैकी फक्त ३ बाटल्या बुरशीने गेल्या, तरी सहा फेऱ्यांअखेर सतराच्या आसपास टक्के माल गेलेला असतो. ही गळती तीनवरून एकवर आणणारा माणूस प्रयोगशाळेचा नफा-तोटा ठरवतो. तो कधी हवेची गाळणी तपासून ती गळती कमी करतो, कधी ऑटोक्लेव्हच्या मधोमध उष्णता पोचते का हे पाहून, तर कधी नुसता दरवाजा बंद होताना बाहेरची हवा आत ओढली जाते हे ओळखून.

दुसरी गोष्ट मजुरीची. बाटली उघडा, कोंब काढा, चिमट्याने वेगळे करा, नव्या बाटलीत ठेवा, झाकण लावा. दिवसभर हेच. रोपाच्या किमतीत या हातकामाचा वाटा फार मोठा आहे, आणि टिश्यू कल्चरचं रोप साध्या डोळ्याच्या रोपापेक्षा महाग का, याचं उत्तर तिथेच आहे. हे काम यंत्रमानवाकडून करून घ्यायचे प्रयत्न जपानसारख्या देशात १९८० च्या दशकापासून झाले. पण उसाचा फुटवा काही नटबोल्ट नव्हे, प्रत्येकाचा आकार निराळा. कुठे कापायचं हे अनुभवी ताईंचा डोळा पटकन ओळखतो, तिथे यंत्र चाचपडतं.

मग काहींनी प्रश्नच उलटा केला. रोपं हलवण्याऐवजी अन्नच हलवलं तर? १९९० च्या दशकात फ्रान्सच्या सिराड या शेती संशोधन संस्थेत असं पात्र निघालं आणि त्याच दशकात क्युबात, म्हणजे आपल्यासारख्याच उसाच्या मुलखात, सिएगो दे आविला इथल्या शास्त्रज्ञांनी उसासाठी ही रीत वापरली. दोन कप्पे असतात. खालच्यात पातळ अन्न, वरच्यात रोपं. ठरावीक तासांनी हवेचा पंप खालून दाब देतो, अन्न वर चढतं, रोपं काही मिनिटं भिजतात, दाब सुटला की अन्न खाली उतरतं. धानाच्या बांधीत पाणी घ्यायचं आणि सोडायचं, तसंच हे. रोपं बुडून गुदमरत नाहीत, वाळतही नाहीत, आणि अगरचा खर्च वाचतो. मात्र एका पात्रात शेकडो रोपं असल्याने एकदा जंतू शिरला की सगळं पात्र जातं. घड्याळ, झडपा, पंप, गाळण्या यांची ही कारागिरी आहे. मोहाडीच्या भाऊंच्या पोराने चार वर्षं जे शिकलं ते इथे कामी येतं.

एक गैरसमज मध्येच दूर करतो, कारण मेळाव्यात तो कानावर आला. टिश्यू कल्चर म्हणजे बी.टी. नव्हे. बाटलीतून आलेला को ८६०३२ हा को ८६०३२ च असतो. त्याच्या गुणसूत्रात बाहेरचं काही घातलेलं नसतं. जनुक बदललेल्या उसाला इंडोनेशियाने २०१३ मध्ये आणि ब्राझीलने २०१७ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे तसा ऊस लागवडीत नाही. म्हणून बाटलीचं रोप लावलं म्हणजे नवा वाण मिळाला, असं कुणी विकत असेल तर दोन पावलं मागे सरा. मिळतं ते शुद्ध आणि निरोगी बेणं. शिवाय पहिल्या वर्षी या रोपांचा ऊस बारीक आणि फुटवे भरपूर असतात. ते पाहून नाराज होऊ नये. ते रोप बेणेमळ्यासाठी आहे. त्याचं खरं फळ पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या लागणीत दिसतं.

पण निरोगी आहे हे ठरवायचं कुणी? डोळ्याला न दिसणारा रोग ओळखण्यासाठी आता पी.सी.आर. चाचणी करतात. कोरोनाच्या काळात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पानातला रोगाचा अंश इतका थोडा असतो की तो थेट सापडत नाही. म्हणून त्याच्या प्रती काढतात. नळी ९४-९५ अंशांवर तापवायची, ५५ च्या आसपास निववायची, ७२ वर ठेवायची. एका फेरीत दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी! ही युक्ती अमेरिकेत सीटस नावाच्या कंपनीत कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली आणि पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. सुरुवातीला मात्र माणसं घड्याळ लावून तीन पाणपात्रांतून नळ्या हाताने हलवत बसायची. मग त्याच कंपनीच्या इंजिनिअरांनी ते काम करणारं यंत्र बनवलं. १९८७ पासून असं यंत्र बाजारात मिळू लागलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ही चाचणी करता येऊ लागली. त्या इंजिनिअरांची नावं शाळेच्या पुस्तकात नाहीत. पण ते यंत्र नसतं तर तुमच्या रोपाच्या पानाची चाचणी कुणीही परवडणाऱ्या दरात करून दिली नसती.

आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रोपांच्या गटाची विषाणूंसाठी आणि वाणाच्या एकसारखेपणासाठी तपासणी होते. तेव्हा रोपं घेताना भाव विचारायच्या आधी प्रमाणपत्र आणि गट क्रमांक विचारा. विकणारा गडबडला तर रोपं तिथेच राहू द्या.

शेतकी संस्थेत इंजिनिअर उभी हयात घालवतो का? घालवतो. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली. तिथे १९८१ साली अनिल राजवंशी नावाचा एक मेकॅनिकल इंजिनिअर आला. मूळ लखनौचे, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले. तिकडची नोकरी सोडून तालुक्याच्या गावी आले आणि तिथेच राहिले. संस्थेतले शास्त्रज्ञ गोड ज्वारीचं वाण बसवत होते. राजवंशींनी त्या ज्वारीच्या रसापासून झालेलं अल्कोहोल सूर्याच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातन करण्याची खटपट केली, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या केल्या. आपल्या जिव्हाळ्याचं म्हणजे उसाचं पाचट आणि बगॅस यांच्यापासून जळाऊ वायू करणारी भट्टी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली आणि १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पाचट किती त्रासदायक, हे आपल्याला सांगायला नको. हलकं, फुगणारं, भट्टीत खाली सरकत नाही, आणि राखेचे खडे होतात. सगळेच प्रयोग बाजारात चालले असं नाही, आणि आजही पाचट वावरातच पेटवणारे आपल्यात कमी नाहीत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतून परतल्यावर ४१ वर्षांनी.

आता दुसरी प्रयोगशाळा, जी आपल्या खिशाशी जास्त जवळ आहे. कारखान्यात उसाच्या रसाचे दोन आकडे काढतात. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला एकूण ऐवज, आणि पोल म्हणजे त्यातली साखर. यावरून मिळू शकणारी साखर काढायचं एक जुनं सूत्र आहे. ब्रिक्समधून पोल वजा करा, त्याला ०.४ ने गुणा, ते पोलमधून वजा करा, आणि आलेल्या आकड्याला ०.७३ ने गुणा. पक्व उसाचा ब्रिक्स २० आणि पोल १८ असेल तर उत्तर १२.५६ येतं. कोवळ्या उसाचा ब्रिक्स १८ आणि पोल १४ असेल तर ९.०५. पाहा, ब्रिक्समध्ये फरक फक्त दोनाचा, पण साखरेत साडेतीनाचा. वावरात नुसता हातातला ब्रिक्समीटर पाहून तोडीची घाई करणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावं.

रस दुपारी तापला की ब्रिक्स कमी दिसतो. मोजणी २० अंशांच्या हिशोबाने असते, आणि ३० अंशांवर पाऊण अंशाच्या आसपास दुरुस्ती घालावी लागते. नवी उपकरणं ही दुरुस्ती आपोआप करतात. पोल काढण्यासाठी पूर्वीपासून रसात शिशाचा क्षार घालून गढूळपणा खाली बसवत. शिसं हे विष, करणाऱ्यालाही आणि सांडपाण्यालाही. मग ८८० नॅनोमीटरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालणारी पोलरीमीटर यंत्रं निघाली. गडद रसातूनही हा उजेड पार जातो, त्यामुळे शिशाची गरज उरत नाही. नमुना गाळून यंत्रात सोडायचा, आकडा थेट संगणकावर. लिहिताना एकाचा सात होण्याचा धोका गेला.

पण खरी अडचण यंत्राच्या आधीची आहे. गाडीतल्या दहा-पंधरा टन उसातून तुम्ही कोणता ऊस काढून पाहणार? वरचा, कडेचा, की मधला? यासाठी भरल्या गाडीत आरपार नळी घालून गाभ्यातला नमुना काढणारी यंत्रं काही देशांत चालतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाला त्याच्या साखरेप्रमाणे दर देण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे एफ.आर.पी. कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वरखाली. साडेनऊ टक्क्यांखाली ते आणखी उतरत नाही. म्हणजे वाढे, पाचट आणि माती घेऊन आलेली गाडी आणि स्वच्छ, पक्व उसाची गाडी, दोघांना दर एकच. नीट ऊस पिकवणारा सभासद गप्प बसून दुसऱ्याचा भार वाहतो. हे आम्हाला पटत नाही. पण गाडीगाडीला नमुना काढून, शेतकऱ्याला विश्वास वाटेल असा आकडा दोन-चार मिनिटांत देणारी व्यवस्था स्वस्तात उभी राहिल्याशिवाय वेगळा दर मागणं म्हणजे नवी भांडणं विकत घेणं. चिठ्ठीवर ज्याचा आकडा कमी येईल तो म्हणेल, यंत्र खोटं आहे. आणि ते खरं आहे हे दाखवता आलं नाही तर त्याचंही चुकलं नाही. हे काम अजून व्हायचं आहे.

तेव्हा भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या धंद्यात पगार संगणकाच्या कंपनीइतका सुरुवातीला मिळेल अशी आशा धरू नका. कामाच्या जागा पुणे, जळगाव, बेंगळूरकडे जास्त आहेत. जळगावला जैन इरिगेशनचं केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचं काम फार मोठं आहे, तसं आपल्या पूर्व विदर्भात नाही. मुलाने रोपाचं शास्त्र शिकण्याची लाज बाळगू नये. नुसता यंत्रवाला तिथे वर्षभरात कंटाळतो. ज्यांची मुलं अजून बारावीत आहेत त्यांच्यासाठी सांगतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे, त्याच विद्यापीठाचं यवतमाळला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. इंजिनिअर झालेल्यांना साखरेच्या बाजूला वळायचं असेल तर मांजरीची संस्था आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था या दोन ठिकाणी चौकशी करावी. मुलींनाही पाठवा. बाटल्यांसमोर बसणाऱ्या बहुतेक बायाच असतात. त्या खोलीची यंत्रं सांभाळणारीही बाई असायला हरकत नाही.

कारखान्याची प्रयोगशाळा गाळप सुरू असताना सभासदांना पाहायला मिळेल. शेतकी खात्यात आगाऊ नाव द्यावं. येताना आपल्या वावरातले, वेगवेगळ्या ठिकाणचे आठ-दहा ऊस वाढे तोडून आणावेत. कडेचे निवडक जाड ऊस आणू नयेत, आम्ही ते लगेच ओळखतो. ब्रिक्स आणि पोल तुमच्यासमोर काढून, वरचं गणित तुमच्याच हाताने करून घेऊ.

ता. क. अंक छपाईला जाताना मोहाडीच्या भाऊंचा फोन आला. पोरगा नोकरीवर रुजू झाला. पहिले पंधरा दिवस त्याला बाटल्या धुण्याच्या विभागातच ठेवलं आहे. तिथलं पाणी जड आहे, बाटल्यांवर पांढरा थर राहतो, म्हणून त्याचा शोध त्याच्याकडे दिला आहे.